मुका तांबट

आमच्या घरात एक रीत आहे. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या समोर येऊन उभं राहायचं आणि मगच तोंड उघडायचं. स्वयंपाकघरातून ओरडून बाहेरच्याला काही विचारणं, पाठीमागून हाक मारणं, जाता जाता दारातून शब्द फेकणं आमच्यात चालत नाही. लग्न झाल्यावर वर्षभर माझे यजमान याला वैतागले होते. मीठ कुठे आहे एवढं सांगायला ओट्यापासून माझ्या खुर्चीपर्यंत चालत कशाला येतेस, असं विचारायचे. पुढे त्यांनाही सवय लागली, मग मुलाला, मग सुनेला. आता आठ वर्षांच्या नातीलाही आहे. जागेवरून उत्तर न देता बाईंच्या टेबलापर्यंत चालत जाते म्हणून शाळेत तिने दोनदा बोलणी खाल्ली आहेत. ही रीत कुठून आली, ते तिला ठाऊक नाही. ती आली कुपवाडच्या आमच्या परड्यातून, आणि ती आणली एका पाखरानं आणि थोडीशी मी.

कुपवाडला तेव्हा कारखान्यांच्या शेड एकामागून एक उभ्या राहत होत्या. आमचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा, पुढे रस्ता आणि मागे परडं. परडं म्हणजे घरामागची मोकळी जागा. त्यात एक शेवगा होता, कुंपणाला आपोआप उगवलेला उंबर होता, धुण्याचा दगड होता आणि आईचा लसणीचा वाफा होता. कुंपणापलीकडे शेड सुरू व्हायच्या. दिवसभर तिकडून धाड, धाड असा आवाज यायचा. तो कानांपेक्षा पायांना जास्त कळायचा. फडताळातला पितळी तांब्या त्या आवाजानं हळूहळू कडेला सरकत यायचा आणि आई दिवसातून दोनदा त्याला मागे ढकलायची. पाहुणे आले की विचारायचे, तुम्हाला झोप कशी लागते? आम्हाला उलट कारखाने बंद असले की चुकल्यासारखं व्हायचं.

आबा, म्हणजे माझे वडील, त्याच आवाजात काम करायचे. कडबाकुट्टीच्या यंत्राचे पत्रे कापणारा मोठा प्रेस त्यांच्याकडे होता. ते मूळचे साताऱ्याच्या पूर्वेकडचे, माणच्या कोरड्या माळावर मेंढरांमागे वाढलेले. दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा ते कामासाठी सांगलीकडे आले आणि कुपवाडला चिकटले ते कायमचे. बोलणं मोठ्यानं. साधं "भाकर वाढ" म्हणायचे ते शेजारच्या चार घरांना ऐकू जायचं. आई म्हणायची, "आवं, मी हितंच हाय, कराडला न्हाई." प्रेसवाल्या माणसांचा आवाज असाच असतो, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. शेजारचे यशवंतकाका त्याच प्रेसवर आबांचे जोडीदार होते आणि तेही ओरडूनच बोलायचे. मग शंका येणार तरी कशी?

माघ सरत आला की आबा एक दिवस गावी जायचे. तिकडे ज्वारीची काढणी झालेली असायची. येताना एसटीच्या टपावर कणसांचा एक भारा टाकून आणायचे. तो घरात खाण्यासाठी नसायचा. आबा पाच-सात कणसांची एकेक जुडी बांधून परड्यात पत्र्याच्या वळचणीला टांगायचे. माळावर अशी जुडी प्रत्येक दारावर असते, पाखरांचा वाटा म्हणून. कृष्णेकडच्या उसाच्या गावांत ही पद्धत दिसत नाही. यशवंतकाका पहिल्यांदा बघून म्हणाले होते की ह्यो काय चिमण्यांचा खानावळवाला झालाय का. आईही सोडायची नाही. गावाकडं मेंढरं राखली, हितं चिमण्या राखत्यात, असं ती दर वर्षी म्हणायची आणि दर वर्षी जुड्या बांधायला सुतळी शोधून द्यायची.

कणसांवर भागत नसे. कारखान्यात पत्र्याच्या गोल चकत्या भंगारात निघायच्या. शेडच्या मिस्त्रींना विचारून आबा त्या घेऊन यायचे, कडा ठोकून आत वळवायचे म्हणजे पाखरांचे पाय कापू नयेत, आणि तीन तारांनी लटकवायचे. एकीत कण्या, एकीत भाकरीचा चुरा. फुटक्या माठाच्या बुडात पाणी, आणि पाण्यात एक दगड, कारण लहान पाखराला उभं राहायला जागा लागते. शेवग्याच्या खोडाला एक मोठा खिळा होता, त्यावर जास्त पिकलेली पपई किंवा केळं टोचून ठेवायचं. एवढं मांडलं की आबा मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसायचे आणि मला शेजारी बसवायचे. हलायचं नाही, खाजवायचं नाही. माळावर तासन् तास बसलेल्या माणसाला ते जमत होतं. माझ्या मात्र पायाला मुंग्या यायच्या.

फाल्गुन लागला की परड्याचा रंगच बदलायचा. शेवगा पांढऱ्या फुलांनी भरायचा आणि त्यात इवलासा जांभळा शिंजीर चोच घालत फिरायचा. उंबर खोडापासून लगडायचा. बुलबुल जोडीनं यायचे, साळुंक्या भांडायला यायच्या, होले खाली सांडलेले दाणे वेचायचे. सुट्टीच्या सकाळी आई हुलग्याचं माडगं करायची, गूळ घालून, आणि आम्ही ते वाटीतून फुंकत फुंकत उंबऱ्यावरच प्यायचो. दुपारी शेवग्याच्या कोवळ्या शेंगांची आमटी असायची. इथे साताऱ्यात मी अजून हुलगे आणते, माडगं करते. सून आवडीनं पिते, पण तिच्या वाटीतला वास मला त्या उंबऱ्यापर्यंत नेतो हे तिला कसं सांगणार? असो.

मी नववीत होते. त्या वर्षी आबांना वाटलं, पोरगी शिकतेय तर पाखरांची नोंद ठेवावी. कारखान्यातल्या जुन्या कार्डांच्या कोऱ्या पाठी शिवून त्यांनी एक वही केली. मी रेघा मारल्या. चार रकाने होते: पाखरू, कुठं बसलं, काय खाल्लं, काय बोललं. पहिले तीन रकाने मी भरायची. चौथा आबा सांगायचे आणि मी लिहायची, कारण पाखरांची भाषा त्यांनाच येत होती. होला म्हणतो "गप गुमान, गप गुमान". साळुंकी सासूला शिव्या देते. कोतवाल सगळ्या रानाची चुगली करतो. तितराचं बोलणं तर ते इतकं हुबेहूब काढायचे की शेजारचं कुत्रं भुंकायला लागायचं. मला फार अभिमान वाटायचा. वर्गात कुणाच्याच वडलांना तितर काढता येत नव्हता.

ती वही आज माझ्याजवळ आहे. आता वाचताना कळतं की त्यात सगळं लिहिलेलं होतं, फक्त मला वाचता येत नव्हतं. एका ठिकाणी माझ्याच अक्षरात आहे: साळुंकी, ताटलीवर, भाकरीचा मोठा तुकडा चोचीत धरून उडाली; काय बोललं: भांडली. तोंडात भाकरी धरून कोण भांडतं?

त्या फाल्गुनात एक नवा आवाज सुरू झाला. टुक्, टुक्, टुक्. एका मापात, न थकता. सकाळी सुरू झाला की ऊन डोक्यावर येईपर्यंत. पलीकडच्या शेडमध्ये कुणीतरी छोट्या हातोडीनं भांडं ठोकतंय, अशी आमची समजूत झाली. आई वैतागून म्हणायची, कुणाचं एवढं भांडं पोचलंय की आठ दिवस झाले तरी सरळ होईना. मग एका सुट्टीच्या दिवशी कारखाने बंद होते, पलीकडे चिटपाखरू नव्हतं, आणि तरी टुक् टुक् चाललेलं. मी उंबऱ्यावर होते, आबा शेजारी. आवाज वरून येत होता. शेवग्याची एक फांदी वाळलेली होती. शिमग्याच्या होळीसाठी पोरांनी ती मागितली होती आणि पाखरं बसत्यात म्हणून आबांनी नाही म्हटलं होतं. त्या फांदीवर चिमणीपेक्षा थोडं मोठं, हिरवंगार, जाड चोचीचं एक पाखरू बसलं होतं. कपाळावर कुंकू लावावं तसा लाल ठिपका, गळ्यालाही लाल. प्रत्येक टुक् ला ते मान डोलवत होतं, एकदा इकडे, एकदा तिकडे.

आबांनीही ते पाहिलं. असलं पाखरू त्यांच्या माळावर नव्हतं. उंबर-वडाशिवाय ते राहत नाही हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आबा डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले. हे पाखरू ओरडताना चोच उघडत नाही. चोच मिटलेलीच असते, फक्त गळा फुगतो आणि बसतो. मी आबांकडे बघितलं. आता ते याचीही काहीतरी गंमत सांगतील, म्हणून मी पेन्सिल तयार ठेवली होती.

आबा म्हणाले, "ह्यो मुका दिसतोय गं. चोचच उघडत न्हाई. नुसती मान डोलावतोय बिचारा. लिही, मुका."

मी हसले. मला वाटलं, चेष्टा करतात. सगळं परडं त्या आवाजानं भरलं होतं, आत चुलीपाशी आईचं डोकं उठलं होतं, आणि हे म्हणतात मुका. मग मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. चेष्टा करताना आबांच्या डाव्या गालाला खळी पडायची. ती नव्हती. त्यांना खरोखर त्या पाखराची कीव आली होती. टुक्, टुक्, टुक्, ते वर चाललंच होतं. मी मान खाली घातली आणि चौथ्या रकान्यात लिहिलं: मुका.

दिवसभर मी त्यांच्या मागे मागे फिरले. ते दाढी करत असताना पाठीमागून "आबा" म्हटलं. पुन्हा, मोठ्यानं म्हटलं. मुद्दाम पळी पाडली. काही नाही. समोर गेले आणि ओठ हलवले तर लगेच म्हणाले, "काय गं, काय पायजे?" ते माझ्या तोंडाकडे बघून ऐकत होते. माळावरची पाखरं त्यांना आठवणीतून ऐकू येत होती. होला दिसला की मनातला होला बोलायचा. या हिरव्या पाखराची मात्र आठवणच नव्हती, म्हणून ते मुकं.

मी आईकडे गेले. ती भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं, अगदी समोर बसून. तिनं हात थांबवला नाही.

"आत्ता कळालं व्हय तुला?" ती म्हणाली. "तीन वर्सं झाली."

मग मला घरातल्या कितीतरी गोष्टी उलगडल्या. चहा देताना आई वळसा घालून त्यांच्या पुढून यायची. सकाळी हाक न मारता पायाला हात लावून उठवायची. कुणी रस्त्यावरून हाक मारली आणि आबांनी वळून बघितलं नाही की तीच दारात येऊन म्हणायची, त्यांचं ध्यान नव्हतं. हे कुणाला कळता कामा नये, असं ती मला समजावत होती. कारखान्यात कळलं तर प्रेस हातातून जाईल, हे एक झालं. पण त्याहून मोठं कारण वेगळंच होतं. माळावर कानानं गेलेल्या माणसाला मेंढरांमागे धाडत नसत, कारण लांडगा आला तरी त्याला कळायचं नाही. तो मग घरी बसायचा आणि सगळे त्याला भैऱ्या म्हणायचे, त्याचं नावसुद्धा विसरायचे. आबांच्या चुलत्याचं तसंच झालं होतं. तसं माझ्या मानसाचं मी हुऊ देनार न्हाई, असं म्हणून आईनं मला काटवटीतल्या पिठावर हात ठेवायला लावला आणि कुणाला सांगणार नाही अशी शपथ घातली. मी हात ठेवला. अन्नावर हात ठेवून दिलेला शब्द आमच्याकडे मोडत नाहीत.

शब्द पाळला गेलाही असता. पण त्याच आठवड्यात एका संध्याकाळी यशवंतकाका चहाला आले. काका कृष्णाकाठचे, उसाच्या गावातले, अंगानं आडवे आणि स्वभावानं मोकळे. मंगळवारच्या भजनात पखवाज वाजवायचे. त्यांची बोटं फिरायला लागली की लहान पोरंसुद्धा गप्प बसायची. आता त्यांच्या आणि आबांच्या कामाची पद्धत सांगायला हवी. मोठा पत्रा असला की प्रेसला दोघं लागत. काका पत्रा सरकवून साच्याखाली बसवायचे, हात बाहेर काढायचे आणि "हां" म्हणायचे. त्या "हां" बरोबर आबा पायातलं पेडल दाबायचे आणि वरचा साचा धाडकन खाली यायचा. दिवसाला किती वेळा हे होत असेल, देवाला माहीत.

काका बशीत चहा ओतत हसत हसत म्हणाले, "वैनी, आज आमचं आयुष्य थोडक्यात वाचलं बगा. जेवान झाल्यावर मला आली जांभई. नुसतं त्वांड उघडलं, आन ह्येनं दिला पाय. ह्येला वाटलं मी हां म्हनलो. बरं तर बरं, हात भाईर हुता."

सगळे हसले. आबाही हसले, पण ते शेवटी, आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघून. आई कप खाली ठेवून चुलीपाशी गेली. मी काकांच्या बोटांकडे बघत होते. जाड, काळी, नखांत ग्रीस भरलेली दहा बोटं बशीभोवती होती. मला वाटलं, पुढच्या खेपेला हात आत असेल.

पुढचे चार दिवस मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. एकीकडे पिठावर ठेवलेला हात, दुसरीकडे काकांचे. आईला परत विचारलं तर ती म्हणाली, तेबी लक्ष देत्यात, उगं भिऊ नगंस, पण तिचा स्वतःचा चेहरा उतरला होता. आबांना विचारायचं तर धीर होत नव्हता. हे मी आज जसं आहे तसं लिहिते आहे: आबांशी बोलायचं मला सुचलं नाही असं नाही, सुचलं होतं. त्यांच्या समोर उभं राहून "तुम्हाला ऐकू येत नाही" हे म्हणायची लाज वाटली, त्यांना वाटेल त्याहून जास्त मलाच वाटली. मग माझ्या डोक्यात एक पळवाट आली. शब्द न मोडता सांगायचं. पुढे कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत आले की ते आपोआप घडलं. आपोआप काही घडत नसतं.

सुट्टीच्या सकाळी मी काकांच्या दारात गेले आणि म्हटलं, आमच्याकडे नवीन पाखरू आलंय, बघायला चला. काका लुंगीवरच आले. आबा परड्यात पाठमोरे उकिडवे बसून माठाचं बूड घासत होते. वाळक्या फांदीवर ते हिरवं पाखरू होतं आणि त्याचं ठोकणं जोरात चाललं होतं. फांदीच्या खालच्या बाजूला त्यानं रुपयाएवढं गोल भोक पाडायला घेतलं होतं. काकांनी वर बघितलं, आणि हा तर तांबट, आमच्या मळ्यात लय असत्यात, असं ते म्हणाले. मी वही उघडली आणि नोंद वाचून दाखवली. नाव नव्हतं म्हणून "हिरवं पाखरू". वाळक्या फांदीवर. उंबर खाल्लं. काय बोललं: मुका.

"मुका?" काका म्हणाले. "आगं, कान किटलं की त्येच्या ठोकन्यानं. कुनी लिवलं ह्ये?"

मी म्हटलं, "आबांनी सांगितलं."

काका हसायला लागले आणि मध्येच थांबले. त्यांनी वर पाखराकडे बघितलं, मग खाली आबांच्या पाठीकडे. "सोपाना," त्यांनी हाक मारली. मग मोठ्यानं, "सोपाना, गड्या." आबा माठ घासत होते. काकांनी एकदा स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघितलं. मला वाटलं, ते आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. चालत आबांच्या पुढे गेले, त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि अगदी हळू, ओठ नीट हलवत विचारलं, "कवापास्नं रं?"

आबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग वळून माझ्याकडे, माझ्या हातातल्या वहीकडे, आणि वर त्या मान डोलवणाऱ्या पाखराकडे. ते सगळं समजले. माठाचं बूड त्यांनी खळखळून धुतलं, पाणी भरलं, दगड ठेवला, आणि आत निघून गेले. काका माझ्या डोक्यावर हात ठेवून घरी गेले.

दोन दिवस आबा परड्यात आले नाहीत. माझ्याशी बोललेही नाहीत. आई माझ्याकडे बघत नव्हती. ताटल्या रिकाम्या झाल्या होत्या, साळुंक्या येऊन तारा हलवून जात होत्या. मीच कण्या टाकल्या, पण उंबऱ्यावर बसवेना. तिसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर आबांनी मला मागे बोलावलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. किती मोठ्यानं बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं, तरी त्या दिवशी त्यांनी तो कसा कोण जाणे खाली आणला होता.

"यशवंताला कळालं त्ये बरं झालं," ते म्हणाले. "त्येची बोटं ऱ्हायली. मला सोताला सांगायचं धाडस झालं न्हाई, त्ये तू केलंस. पन माज्या पाठीमागं केलंस. समोर यायचं हुतंस गं. मला ऐकू आलं नसतं, पन तुजं त्वांड तर दिसलं असतं."

मी रडले. त्यांनी रडू दिलं, समजूत घातली नाही. मला वाटतं, ते बरोबरच होतं.

आदल्या दिवशीच ते मिस्त्रींच्या समोर जाऊन उभे राहिले होते आणि स्वतःच्या तोंडानं सांगून आले होते. काकांनी त्यांना प्रेसवर ठेवायची एक युक्ती काढली होती. "हां" म्हणायचंच नाही. हात बाहेर काढून दोन्ही पंजे उघडून दाखवायचे, दहा बोटं दिसली की पेडल दाबायचं. जांभईला बोटं नसत्यात, असं काका म्हणाले. आबांनी ते ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. एकदा जांभईवर पाय दिलाय, आता त्या पायाचा माझा मलाच भरवसा वाटणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मिस्त्रींनी त्यांना साच्यांच्या खोलीत दिलं. साचे पुसायचे, तेल लावायचं, रांगेत ठेवायचे. प्रेस गेला. शेवटच्या दिवसापर्यंत ते कुणाला सांगताना "मी प्रेसवर हुतो" असंच म्हणायचे. काकांच्या नव्या जोडीदारानं मात्र दहा बोटांची खूण उचलली, मग शेजारच्या प्रेसनं, मग सगळ्या शेडनं. तिला नाव पडलं "सोपानाची धा बोटं". भैऱ्या त्यांना कुणी म्हटलं नाही. निदान आमच्या कानांवर आलं नाही.

त्या बोलण्यानंतरच्या सुट्टीला आबा पुन्हा उंबऱ्यावर बसले. तांबटाचं भोक पुरं झालं होतं. एक पाखरू आत, एक बाहेर, आणि बाहेरचं मान डोलवत होतं. आबांनी वही मागितली, ते पान काढलं आणि "मुका" वर स्वतः काट मारली. मग माझ्याकडे वळले.

"काय म्हनतोय त्यो?"

मी उठून त्यांच्या समोर बसले. "टुक्," मी म्हटलं. "टुक्. टुक्." ओठांवरून त्यांना नीट कळेना. त्यांनी दोन बोटं माझ्या गळ्याला लावली. मी पुन्हा म्हटलं. वर पाखराचा गळा हलत होता, इथे माझा. आबांनी मला आणखी दोनदा म्हणायला लावलं. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि मोडक्या अक्षरात लिहिलं: टुक टुक. लय बोलतो. त्यांच्या डाव्या गालाला खळी पडली. त्यानंतर चौथा रकाना मी सांगायची आणि ते लिहायचे, मी लग्न होऊन साताऱ्याला येईपर्यंत.

पुढे मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले. डोक्याला यंत्र लावून दिवसभर लोकांचं बोलणं जोडून द्यायचं. पोरगी ऐकायचं काम करतीया, असं आबा सगळ्या कुपवाडला सांगत सुटले होते. आई आणि तिनं घातलेली शपथ याबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. ती गेली त्या वर्षी एकदा परातीत पीठ मळताना तिनं माझा हात धरून पिठातून बाजूला केला, इतकंच. तो शब्द तिनं मला परत केला असं मी समजते.

हे प्रकरण लिहायला मी गेल्या महिन्यात बसले. फाल्गुन लागला होता. आमच्या गॅलरीसमोर उंबर आहे, त्याच्यावर दर वर्षी तांबट येतो. कठड्याला मी कणसांची जुडी टांगली, माठाचं बूड ठेवलं, त्यात दगड ठेवला. आठ-दहा दिवस वाट बघितली. नात मागे गालिच्यावर चित्र काढत होती. मी स्वतःशीच, पण मोठ्यानं म्हटलं, यंदा तांबट आला नाही वाटतं, काय झालं असेल बिचाऱ्याला?

ती काही बोलली असेल तर मला कळलं नाही. मग ती उठली, खुर्चीला वळसा घालून माझ्या समोर आली आणि माझ्या गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली, "आजी, तो सकाळपासून ओरडतोय."

मी चष्मा लावला. उंबराच्या शेंड्यावर लाल कपाळ होतं, आणि मान डोलत होती, एकदा इकडे, एकदा तिकडे. मी नातीला वही आणायला सांगितलं. तिनं विचारलं, काय लिहू? तू सांग, मी लिहिते, असं म्हणून मी दोन बोटं तिच्या गळ्याला लावली.